व्हॉट्सअ‍ॅप, शॉपिफाय, वूकॉमर्स की ॲप? बेळगाव-निपाणीकडच्या दुकानदारानं नेमकं काय घ्यावं

आमचं बेळगावच्या शहापुरात साड्यांचं दुकान आहे, माल सगळा वडगाव-खासबागच्या मागावरचा, आणि गेल्या चार वर्षांत आम्ही व्हॉट्सअ‍ॅप, मोठं मार्केटप्लेस (अनेकांचा माल विकणारी ऑनलाईन बाजारपेठ), शॉपिफाय आणि आता वूकॉमर्स (ही दोन्ही स्वतःचं ऑनलाईन दुकान मांडायची साधनं) असं सगळं करून बघितलंय. महिन्यातनं दोन-तीन जण तरी विचारतात, काय ओ, वेबसाईट कशावर करू, ॲप पण काढू काय? कोण निपाणीचं असतंय, कोण खानापूरचं, परवा अथणीचे चपलावाले होते. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहितो.

आधी आपल्या भागाची अडचण, कारण पुण्या-मुंबईची माणसं सल्ला देतात त्यात ही कधी येतच नाही. आपण कर्नाटकात, आणि आपलं अर्धं गिऱ्हाईक हद्दीच्या पलीकडं महाराष्ट्रात आहे. निपाणीच्या दुकानाला कागल-गडहिंग्लजचं, बेळगावच्या दुकानाला चंदगडचं, बस्ता बांधायला पिढ्यान्‌पिढ्या इकडंच येतात. दुकानात येऊन साडी घेऊन गेले तर काही प्रश्न नाही, पण तीच साडी कुरिअरनं कोगनोळी नाक्याच्या पलीकडं गेली की ती आंतरराज्य विक्री. मालाच्या धंद्याला जीएसटी नोंदणी ४० लाखांच्या वर, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर पहिल्या पार्सलपासूनच नोंदणी लागते, तिथं ४० लाखांची सवलत नाही. ठराविक हस्तकलेच्या वस्तूंना २० लाखांपर्यंत सूट आहे, आपली वस्तू त्या यादीत बसते का ते सीएला विचारा. आणि जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्याला विक्रीवर ठोक दरानं कर) असाल तर राज्याबाहेर विकताच येत नाही. म्हणजे पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळूरला पाठवलेलं राज्यातल्या राज्यात आणि तासाभरावरच्या चंदगडला पाठवलेलं परराज्यात! त्यामुळं वेबसाईट कशावर करायची याच्या आधी चंदगड-कोल्हापूरला पार्सल पाठवायचंय का हे ठरवा, बाकीचं बरंचसं त्यावरनं ठरतंय.

आता नुसतं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. फुकट आहे, कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात, गिऱ्हाईकाला नवीन काही शिकावं लागत नाही, आणि पैसे थेट क्यूआरवर घेतले तर मध्ये काही कटत नाही. महिन्याला तीस-चाळीस ऑर्डर असतील तर मी खरंच सांगतो, यापेक्षा जास्त काही लागत नाही. त्रास सुरू होतो तो त्यानंतर. एकच साडी तीन जणींना "आहे" म्हणून सांगितलेली असते, कुणाचे पैसे आले कुणाचे नाही ते स्क्रीनशॉट बघून जुळवायचं, रात्री अकराला "हाच रंग दुसऱ्या काठात आहे काय" म्हणून मेसेज, आणि ब्रॉडकास्ट लिस्ट तर २५६ जणांचीच, त्यातही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. आमच्या वहिनी हे सगळं बघायच्या, गणपतीच्या आधीच्या पंधरा दिवसांत त्यांना जेवायला सवड नव्हती, तेव्हा आम्ही वेबसाईटचा विचार केला.

मार्केटप्लेसचं थोडक्यात सांगतो. जीएसटी नंबर नसला तरी ऑक्टोबर २०२३ पासून एनरोलमेंट नंबर घेऊन राज्यातल्या राज्यात तिथं विकता येतं, नवीन माणसाला ही सोय चांगली आहे. नोंदणी असेल तर तुमच्या विक्रीतनं अर्धा टक्का टीसीएस (मार्केटप्लेसनं आधीच कापलेला कर) कापून जातो, तो नंतर खात्यात मिळतो. पण आमच्या मागावरच्या साडीच्या शेजारी निम्म्या किमतीची मिलची साडी दिसते, फोटोत दोन्ही सारख्याच, मग बाईनं आपली का घ्यावी? शिवाय गिऱ्हाईक त्यांचं राहतं, तिचा नंबर तुमच्याकडं येत नाही, दिवाळीला तिला परत बोलवता येत नाही. ठरलेल्या मापाची, पॅकबंद, ओळखीची वस्तू असेल तर ठीक, हातमाग-यंत्रमागाच्या मालाला मी नाही म्हणेन.

खरी तुलना शॉपिफाय आणि वूकॉमर्सची.

शॉपिफाय म्हणजे भाड्याचं तयार दुकान. महिन्याला साधारण दोन हजारांच्या घरात, वर्षाचे एकदम भरले तर कमी. आठवड्यात दुकान उभं राहतं, मोबाईलवर नीट दिसतं, सिक्युरिटी, अपडेट, सर्व्हर यातलं काहीच तुम्हाला बघावं लागत नाही, आणि त्यांचं मोबाईल ॲप इतकं सोपं आहे की वहिनी काउंटरवर बसून फोनवरनंच नवीन साडी चढवायच्या. पण एक हिशेब आधी करा. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळं गेटवे (गिऱ्हाईकाचे ऑनलाईन पैसे घेऊन देणारी सेवा) बाहेरचा लावायचा आणि त्यासाठी बेसिक प्लॅनवर शॉपिफाय वेगळे २ टक्के घेतं. गेटवेचे साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी तर आहेच. १,५०० रुपयांची साडी धरा: गेटवेचे ३५ रुपये ४० पैसे, शॉपिफायचे ३० रुपये, वर महिन्याचं भाडं. महिन्याला ५० साड्या गेल्या तर ७५,००० च्या विक्रीत ते २ टक्केच १,५०० रुपये होतात. कपड्याच्या धंद्यात मार्जिन किती असतं ते तुम्हालाच माहीत.

वूकॉमर्स म्हणजे स्वतःच्या जागेवर बांधलेलं दुकान. वर्डप्रेस या वेबसाईट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालतं, मूळ प्लगिन (त्याला लावायची जोडणी) फुकट, विक्रीवर ते काही कापत नाहीत, खर्च होस्टिंगचा (साईट ठेवायची भाड्याची जागा), डोमेनचा (साईटचं नाव) आणि बांधणाऱ्या माणसाचा. पण स्वतःचं घर म्हटलं की गळती पण आपणच काढायची. प्लगिन अपडेट केलं की कधी चेकआऊट (ऑर्डर देऊन पैसे भरायचं पान) बिघडतं, बॅकअप घ्यावा लागतो, स्वस्त होस्टिंगवर सणाच्या दिवसांत साईट बसते. आमची एकदा चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात दोन दिवस बंद होती आणि खानापूरहून एका मावशींचा फोन, "काय ओ, तुमची साईट उघडूलालीच नाही". होस्टिंगवाल्याकडं ऑनलाईन तक्रार टाकून बसलो होतो, उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. तेव्हापासून बॅकअप रोज रात्री आपोआप जातो आणि सणाच्या महिन्यात आम्ही एकही प्लगिन हलवत नाही.

दोन्हीकडं टॅक्स राज्यावरनं लावता येतो. साडीवर ५ टक्के, कर्नाटकातल्या पत्त्याला अडीच-अडीच (केंद्राचा आणि राज्याचा) आणि महाराष्ट्र-गोव्याला पूर्ण आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी). हे पहिल्याच दिवशी नीट बसवून घ्या, आमच्याकडं तीन महिने कोल्हापूरची बिलं चुकीची निघाली आणि रिटर्न भरताना सीएनं एकेक बिल बसून दुरुस्त केलं.

मग आम्ही शॉपिफाय सोडून वूकॉमर्सवर का गेलो? मुख्य कारण भाषा. आम्हाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही पाहिजे होत्या, गोकाक-बैलहोंगलच्या बायका कन्नडच वाचणार आणि चंदगडच्या मराठीच. शॉपिफायवर पण अनेक भाषा लावता येतात, पण मशीननं केलेलं मराठी वाचून मला लाज वाटली, काठपदर, धडी, फॉल-पिको हे शब्द आपल्या माणसानंच लिहायला पाहिजेत. वूकॉमर्सवर प्रत्येक पान आम्हाला हवं तसं लिहिता आलं, भाषेच्या प्लगिनचे पैसे मात्र पडले. दुसरं नावाचं. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी झालं, पण गिऱ्हाईक गुगलवर अजून बेलगाम, बेळगाव, बेळगावी सगळं टाकतं, इंग्रजी स्पेलिंगं तर दोन्ही चालू आहेत. वस्तूच्या वर्णनात तिन्ही नावं सहज येतील असं लिहा, आमच्याकडं पुण्यात राहणारी बेळगावची माणसं बहुतेक जुन्या नावानंच शोधत येतात.

ॲपबद्दल मी थोडा हट्टानं बोलतो कारण यात लोकांचे पैसे जाताना बघितलेत. प्ले स्टोअरची नोंदणी २५ डॉलर एकदाच, ॲपलची दरवर्षी ९९ डॉलर, पण खर्च तो नाहीच, खर्च बनवून घ्यायचा आणि दर अँड्रॉइड बदलला की परत दुरुस्त करायचा. वर्षातनं तीन साड्या घेणारी बाई तुमचं ॲप फोनमध्ये ठेवणार आहे काय? रोजचं दूध, भाजी, किराणा असेल तर ॲपला अर्थ आहे. बाकीच्यांनी मोबाईल वेबसाईट झकास करा आणि होम स्क्रीनवर आयकॉन टाकायची सोय द्या, पीडब्ल्यूए म्हणतात त्याला, वूकॉमर्सवर थोड्या कामात होते. गुगल पण आता साईटची मोबाईल आवृत्तीच बघून शोधात क्रम लावतं. मुख्य चित्र अडीच सेकंदांत दिसलं पाहिजे हा त्यांचा मापदंड आहे, आणि तुम्ही जांबोटी-कणकुंबीकडं पावसात उभं राहून आपली साईट उघडून बघा म्हणजे कळेल. कॅमेऱ्यातले पाच-पाच एमबीचे फोटो तसेच चढवू नका, वेबपी (फोटोचा हलका फॉरमॅट) करून शंभर-दीडशे केबीत आणा, रंग मात्र दिवसाच्या उजेडातच टिपा, ट्यूबलाईटखाली काढलेला आमसुली रंग घरी गेल्यावर वेगळाच निघतो आणि पार्सल परत येतं.

तर माझं मत असं. चाळीस ऑर्डरच्या आत असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवरच राहा. दुकान एकटीनं चालवताय, तांत्रिक बघायला कुणी नाही, तर शॉपिफाय घ्या आणि ते २ टक्के मदतनीसाचा पगार समजून किमतीत धरा. घरात किंवा गल्लीत वर्डप्रेस कळणारं एखादं पोरगं आहे, ऑर्डरी वाढतायत, मराठी-कन्नड दोन्ही गिऱ्हाईक आहे, तर वूकॉमर्स. आणि कशावरही करा, डोमेन, होस्टिंग, गेटवे हे तिन्ही स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलनं, स्वतःच्या फोनवर ओटीपी येईल असं घ्या. आमचं पहिलं डोमेन बनवणाऱ्यानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं, त्यानं फोन उचलायचं बंद केल्यावर दुकानाचं नाव छापलेल्या दोन हजार पिशव्या तशाच पडून राहिल्या, नवीन नावाचे स्टिकर वहिनींनी आणि मी रात्री बसून चिकटवले.