काकांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: पाचात चार, एक मार्क प्रिंटरने खाल्ला

आधी मशीन कुठलं ते सांगतो म्हणजे पुढचं समजेल. पाचव्या जनरेशनचा आय३, ४ जीबी रॅम, आत गरगर फिरणारी जुनी हार्डडिस्क, मुक्काम रामबाग, इंदूर. मालक आमचे काका, रिटायर्ड, कामं म्हणजे मेल, बँक, यूट्यूबवर कीर्तनं, व्हॉट्सअॅप आणि गणपतीच्या दिवसात मंडळाची पत्रकं. विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सिक्युरिटीची चिप पाहिजे, शिवाय इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर, म्हणजे हा लॅपटॉप दारातूनच परत. घरगुती वापराला एक वर्ष जास्तीचे सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात ते खरंय, आणि रुफस नावाच्या टूलने अट चुकवून ११ बसवणारेही आहेत, पण जे अधिकृतपणे चालतच नाही ते काकांच्या गळ्यात बांधलं तर दर अपडेटला फोन मलाच येणार ना भिया.

म्हणून मिंट, म्हणजे लिनक्सवर बनलेली, विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. व्हर्जन २२.२, नाव झारा, पाया उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सचा, सपोर्ट २०२९ पर्यंत. मिंट वेगवेगळ्या चेहऱ्यांत मिळतं, मी सिनॅमन टाकलं कारण ते दिसायला विंडोजच्या सगळ्यात जवळचं, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ. ४ जीबीत चालतं, पण ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडले की धाप लागते, त्यामुळे रॅम वाढवायचीच नसेल तर सरळ एक्सएफसीई वालं घ्या, ते हलकं आहे.

इन्स्टॉलबद्दल फार लिहीत नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. पेनड्राइव्हवर व्हेंटॉय (पेनड्राइव्हवरून सिस्टिम सुरू करून देणारं टूल) टाका, त्यात मिंटची आयएसओ फाइल नुसती कॉपी करा, आणि डिस्कला हात न लावता आधी तसंच पेनड्राइव्हवरून चालवून बघा. वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं, सगळं तिथेच कळतं. वायफाय दिसलंच नाही तर घाबरायचं काम नाही, फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट येतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा, बऱ्याच वेळा ब्रॉडकॉम कंपनीची वायफाय चिप असते आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, तिथेच यादीत असतो.

आता ज्या गोष्टी डोकं खातात त्या. काकांना विंडोजही ठेवायचं होतं, "असू दे रे, भाड्याने थोडंच आहे", म्हणून दोन्ही बाजूबाजूला. दोन्ही ठेवलं की पहिली गंमत घड्याळाची. मिंट मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज तीच वेळ इथली समजून वाचतं, म्हणजे बरोबर साडेपाच तासांचा फरक, संध्याकाळी सात वाजता विंडोज दुपारचा दीड दाखवतं. लोक मदरबोर्डवरचा सेल बदलून आणतात, सेलचा काही संबंध नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, टाइमडेटसीटीएलच्या (timedatectl) सेट-लोकल-आरटीसी (set-local-rtc) ऑप्शनला १ द्यायचं, एका ओळीचं काम. टर्मिनल थोडी कुरकुर करतं की हे बरं नव्हे, करू द्या.

दुसरी, डी ड्राइव्हची. मिंटमधून ड्राइव्ह उघडतो, फोटो दिसतात, पण नवीन काही सेव्ह होत नाही, फक्त वाचता येतं. कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं आणि ड्राइव्हला कडी लावून झोपतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची टिकमार्क काढून टाका. तोपर्यंत एक सोपा उपाय, विंडोजमधून बाहेर पडताना शट डाउन न करता रिस्टार्ट करा, रिस्टार्टमध्ये ते खरंच पूर्ण बंद होतं.

मराठी टायपिंगचं मात्र मला फार आवडलं. कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी कागपा म्हणून फोनेटिक लेआउट आधीपासूनच आहे, वेगळं काही डाउनलोड नको, नेट नको. के दाबलं की क, जी दाबलं की ग, पी दाबलं की प. काकांनी दोन ओळी टाइप केल्या आणि म्हणाले, "अरे मग मी इतकी वर्षं पत्रक टाइप करायला पैसे का देऊन राहिलो होतो?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण मंडळाची जुनी पत्रकं उघडली आणि बोंब झाली. आपल्याकडे टायपिंगवाले अजून कृतिदेव नावाच्या जुन्या फाँटमध्ये करतात, हिंदी असो की मराठी, आणि कृतिदेव म्हणजे आतून इंग्रजी अक्षरंच, फक्त वर देवनागरीचा मुखवटा. फाँट नसला की मुखवटा गळतो आणि 'भारत'च्या जागी एच के के जे आर असलं काहीतरी दिसतं. काकांना वाटलं व्हायरस. यात मिंटचा दोष नाही, फाँट नसेल तर विंडोजवरही हेच होतं. विंडोजच्या फाँट फोल्डरमधून ती फाइल उचला, मिंटमध्ये डबल क्लिक, इन्स्टॉल, पत्रक जसंच्या तसं. नवीन मात्र सगळं युनिकोडमध्येच, म्हणजे आतूनही देवनागरीच असलेल्या अक्षरांत, करा, नाहीतर तेच पत्रक व्हॉट्सअॅपवर कॉपी-पेस्ट केलं की परत एच के के जे आर.

व्हॉट्सअॅपवरून आठवलं. मिंटमध्ये वेब अॅप्स नावाचं एक छोटं टूल आहे, कुठल्याही साइटला स्वतंत्र आयकॉन आणि खिडकी देतं. व्हॉट्सअॅप वेब, बँक आणि यूट्यूब, तीन आयकॉन करून दिले. काकांच्या हिशोबी कम्प्युटर म्हणजे आता हे तीन आयकॉन, खाली लिनक्स आहे की आणखी काय त्याचं त्यांना सोयरसुतक नाही. अपडेटही अंगावर येत नाहीत, खाली ढालीचं चित्र आहे, त्यावर ठिपका दिसला की वेळ मिळेल तेव्हा दाबायचं. आणि टाइमशिफ्ट पहिल्या दिवशीच चालू करून ठेवा. सिस्टिमचा स्नॅपशॉट घेऊन ठेवतं, काही बिघडलं की मागच्या तारखेला परत. फोटो आणि कागदपत्रं त्यात येत नाहीत हे लक्षात असू द्या, त्यांचा बॅकअप वेगळा.

आता तो प्रिंटर. कंपनीचं नाव घेत नाही. जुना छोटा लेझर आहे, मशीन मजबूत, पण त्याची सगळी अक्कल विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये, पान कसं छापायचं ते स्वतःला कळत नाही, कम्प्युटरने ठिपके आखून द्यावे लागतात. असल्या प्रिंटरची लिनक्सवर कटकटच असते. ड्रायव्हर शोधला, जुन्या ३२ बिटच्या लायब्ररी टाकल्या, एक पान निघालं, दुसऱ्याला गप्प. शेवटी मी नाद सोडला, काका पीडीएफ करतात आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पाठवतात. एचपीचे बरेचसे प्रिंटर एचपीलिप या लिनक्सवरच्या ड्रायव्हरने चालतात, हल्लीचे वायफायवाले तर ड्रायव्हरशिवाय लागतात, तेव्हा मिंट टाकायच्या आधी आपलं मॉडेल शोधून बघा, तेवढ्यावर अर्धा निर्णय होईल.

आणि ज्यांचं टॅलीवर चालतं त्यांनी या वाटेला जाऊच नका. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे. इथल्या सियागंज बाजारात दुकान असेल आणि मुनीमजी टॅलीवर बसत असतील तर मिंट टाकून घरात शिव्या खाल, त्यापेक्षा नवीन मशीन घ्या.

खरा फरक विचाराल तर निम्म्याहून जास्त जुन्या हार्डडिस्कच्या जागी टाकलेल्या एसएसडीने (न फिरणारी, चिपवाली वेगवान डिस्क) पडला, हे मिंटच्या भक्तांना आवडणार नाही पण आहे ते आहे. त्या जुन्या हार्डडिस्कवर मिंटसुद्धा रडतरडतच उघडत होतं. साधी अडीच इंची साटा एसएसडी, २४० जीबीची, भरपूर झाली. रॅम घेताना जपून. पाचव्या जनरेशनच्या लॅपटॉपला बहुतेक डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची, आणि काउंटरवर घाईत साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ हातात पडू शकते, खाच तीच असल्यामुळे ती बसते, फक्त स्क्रीन काळी राहते. आरएनटी मार्गावर सिल्वर मॉलला, म्हणजे इथल्या कम्प्युटर बाजारात, जात असाल तर जुनी काडी सोबत न्या, स्टिकरवर पीसी३एल लिहिलंय की नाही ते काउंटरवरच वाचा, आणि बिलावरही तसंच लिहून घ्या.