राज्यशास्त्राची एमए: अकरा महिने नोकरीत वापरल्यावर

एमए झाले तेव्हा वडिलांचा एकच प्रश्न होता, "यातून पैसे कसे निघणार?" आज नोकरीला अकरा महिने झाले, म्हणून हिशेब लिहितेय.

अनुदानित कॉलेजात बीए आणि विद्यापीठात एमए, पाच वर्षांची फी 40 हजारांच्या आत बसली. पैसा गेला तो पुण्यातल्या कॉट बेसिसवर आणि मेसवर, दोन वर्षांत पावणेदोन लाख.

सेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राज्य पात्रता परीक्षा, पास होऊन वर्षभर कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवलं. मानधन महिनोन्‌महिने तुंबायचं, म्हणून स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी नोट्स लिहायचे, एका प्रकरणाचे 800 रुपये. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि हळूहळू ते काम आटलं. शेवटी क्लासवाले म्हणाले, "मसुदा आम्ही काढतो, तुम्ही फक्त तपासा, 200 देऊ." फार लागलं ते. पदवी म्हणजे माहिती, असंच मीही धरून चालले होते.

आता एका संस्थेत ग्रामपंचायत सदस्यांना प्रशिक्षण देते, पगार 26 हजार. सुरुवातीलाच पुस्तिकेचा एआयने लिहिलेला मसुदा हातात आला. भाषा सुबक, पण सरपंच सदस्यांमधूनच निवडला जातो असं त्यात ठाम लिहिलेलं. महाराष्ट्रात थेट निवड 2017 ला आली, 2020 ला रद्द झाली, 2022 ला परत आली. अशी चूक कुणीही शोधून दुरुस्त करेल, त्यासाठी एमए लागत नाही.

एमए लागली ती वर्गात. एक सदस्य ताई उठून म्हणाल्या, "सरपंच गावाने निवडला, बहुमत आमच्या गटाचं. मग ऐकायचं कुणाचं?" अध्यक्षीय पद्धतीच्या तासाला हेच शिकले होते: राष्ट्राध्यक्ष आणि संसद, दोघांनाही लोकांनी थेट निवडलं की दोघंही म्हणतात, कौल माझ्याकडे. त्या दिवशी पुस्तिका बाजूला ठेवली. मासिक सभेत काय ठरतं, ग्रामसभेत काय, ठराव कुठे नोंदवायचा, अडला तर दाद कुणाकडे मागायची, यावर आम्ही सगळे दोन तास बोललो. समोर दोन्ही गटांची माणसं होती. कुणाला किती बोलू द्यायचं हे तिथेच बसून ठरवावं लागतं. संस्था मला पगार देते तो या कामाचा, असं माझं मत झालंय.

घरी महिन्याला 8 हजार पाठवते. या वेगाने शिक्षणाचा खर्च सव्वादोन वर्षांत फिटेल. खाजगी विद्यापीठात लाखांची फी भरून हीच पदवी घेणार असाल तर हा हिशेब जुळणार नाही, कर्ज काढून तर नकोच. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषय म्हणून याचा उपयोग आहे, पण परीक्षा उत्पन्नात धरू नका. माझ्या अभ्यासक्रमात सांख्यिकी नव्हती. ती आता रात्री शिकतेय, एआयकडूनच, आणि ते चांगलं शिकवतं.

त्या ताईंचा परवा फोन आला होता. त्यांनी सभेचं इतिवृत्त लेखी मागितलं आणि त्यांना ते मिळालं. पुढच्या महिन्यात त्यांच्याच गावात प्रशिक्षण ठेवलंय.