तीन सिलिंडर, चार लाइनर आणि 41,650 रुपये

कर्नाटकाच्या सीमेवरच्या निपाणी तालुक्यातील आमच्या घरी वडिलांनी 1996 साली घेतलेला तीन सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर आहे. गेल्या हंगामात त्याच्या रेडिएटरमधले पाणी रोज लिटर-दीड लिटर कमी होऊ लागले आणि एवढ्याशा गळतीपायी एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून 41,650 रुपये उकळले. जुन्या इंजिनाच्या नावावर कसे धंदे चालतात हे शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. मलाही ते ठाऊक होते, म्हणूनच हे लिहिताना लाज वाटते.

ऊसतोड टोळी फडात उतरलेली, कारखान्याची तोडणी-चिठ्ठी हातात आणि आमचा नेहमीचा मिस्त्री गावाला गेलेला, अशा वेळी कोगनोळीचा टोलनाका ओलांडून सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टर नेला, यात माझे फार चुकले असे आजही वाटत नाही. तिथल्या मिस्त्रीने इंजिन चालू ठेवूनच हेडच्या सांध्यावरचा ओलावा दाखवला आणि म्हणाला, "पाव्हणं, हेड गॅस्केट गेलंय, लाइनरचे रिंगही गेलेत, पाणी ऑइलमध्ये उतरतंय." (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचे वरचे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या सांध्यातली पट्टी; लाइनर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, प्रत्येक सिलिंडरला एक.) पुरावा म्हणून त्याने पत्र्याच्या घमेल्यातले दुधाळ, चहाच्या रंगाचे ऑइल समोर धरले.

माझी चूक नेमकी इथे झाली. त्याच दिवशी सकाळी मी स्वतः ऑइलची पट्टी ओढून पाहिली होती. ऑइल काळे आणि स्वच्छ होते. शिवाय मी वाकून पाहिले तेव्हा ऑइल काढायच्या, चेंबरच्या तळाच्या नटावर शेतातला चिखल तसाच वाळलेला होता. ज्या नटाला पान्हाच लागलेला नाही, त्यातून घमेलेभर ऑइल आले कुठून? हा प्रश्न मनात आला, जिभेवरही आला, पण चार माणसांपुढे अडाणी दिसू नये म्हणून मी तो गिळला आणि 15,000 रुपये आगाऊ मोजून दिले.

आठ दिवसांनी हाती पडलेल्या चिठोऱ्यावर ना गॅरेजचे नाव होते, ना शिक्का. हेड फेसिंग 6,500, गॅस्केट संच 4,200, लाइनर-पिस्टन किट 18,900, ऑइल 2,450 आणि मजुरी 9,600. छापील पावती मिळाल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका; मी दिली. ट्रॅक्टर घरी आणला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या फरशीवर भाकरीएवढा ओला डाग पुन्हा हजर होता, पूर्वीच्याच जागी, पंख्याच्या खाली.

आमचा मिस्त्री परतल्यावर त्याने इंजिन थंड असताना सगळे फडक्याने कोरडे केले आणि वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला बोट लावून दाखवले. तिथे एक बारीक छिद्र असते. पंपाचे सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या छिद्रातून बाहेर पडावे, म्हणून ते मुद्दाम ठेवलेले असते. (ते छिद्र खुंटी मारून बंद करा असा सल्ला देणारे शहाणेही मला भेटले, तसे केल्यास बेअरिंग जाते.) इंजिन चालू असताना हेच पाणी पंख्याच्या वाऱ्याने मागे उडते आणि हेडचा सांधा ओला दिसतो. गॅस्केट खरोखर गेले असेल, तर इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून ते चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येताना बहुधा दिसतात. माझ्या ट्रॅक्टरला एकही येत नव्हता. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नका. सील आणि बेअरिंगचे किट 780 रुपये, मजुरी 400 रुपये. गळती थांबली.

त्यानंतर, 'जुने भाग' म्हणून गॅरेजवाल्याने दिलेले पोते मी पहिल्यांदा सोडले. आत चार लाइनर निघाले. तीन सिलिंडरच्या इंजिनाचे चार लाइनर! जुने भाग तिथेच, त्याच्यासमोर मोजून घ्या.

पोते घेऊन मी अलीकडच्या पोलीस ठाण्यात गेलो. गॅरेज महाराष्ट्रात आहे, तिकडे जा, असे सांगण्यात आले आणि माझा मराठीतला अर्ज कानडीत लिहून आणण्याची सूचना वर मिळाली. पलीकडच्या ठाण्यात ट्रॅक्टरचा केए-23 क्रमांक पाहताच मला कर्नाटकात जायला सांगितले. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून दोन्ही राज्ये आमच्या गावांवर हक्क सांगत आली आहेत. तक्रार घेऊन उभा राहिलो तेव्हा मात्र मी दोघांनाही नको होतो. तिथल्या एका हवालदाराने तर लाइनर मोजून हसत विचारले, "एक जास्तच दिलाय की, मग फसवणूक कसली?" 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते, हे मला फार उशिरा, एका वकिलाकडून कळले. चार फेऱ्यांत माझे पेट्रोल आणि ऊसतोडीचे दोन दिवस गेले, ते वेगळेच.

शेवटी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, म्हणून मी बेळगावला अर्ज दिला आहे. वकिलाने चिठोऱ्याची मूळ प्रत सांभाळा आणि लाइनर पुसू नका, असे बजावले आहे. ते चारही गोठ्याच्या माळ्यावर, त्याच पोत्यात, काजळीसकट ठेवले आहेत.