मागच्या अ‍ॅक्सलचे बुश : एकदा चुकीचे बसले, एकदा बरोबर

गाडी 2013 ची डिझेल हॅचबॅक, मीटरवर 1 लाख 18 हजार. मागे सगळा साधा कारभार आहे. दोन्ही चाकांना जोडणारा एकच बीम आणि त्याला बॉडीशी धरून ठेवणारे डाव्या-उजव्या बाजूचे मुठीएवढे दोन रबरी बुश. हे ढिले पडले की मागची चाकं आपल्या मर्जीने चालतात.

नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागलो आणि काटा शंभरच्या वर गेला की लेन बदलताना गाडीचा पुढचा भाग वळायचा, मागचा क्षणभर उशिरा. ट्रकला ओलांडताना हवेचा झोत बसला की शेपूट डोलायचं. शहरात, उड्डाणपुलाच्या वळणावर सांधा आला की मागून ‘धप’. मी आधी टायर बदलले, मग अलाइनमेंट, मग शॉकअप. शॉकअपचे पैसे आठवले की अजून पोटात दुखतं. शेवटी मानेवाड्याकडच्या एका मेकॅनिकने सब्बल (पहार) घालून बीम हलवून दाखवला. “शॉकअपले काय झालं भाऊ? बुश फाटले ना तुमचे!” रबरात नख जाईल एवढी चीर होती.

बुश दुसऱ्याच एका गॅरेजात बदलले, घराजवळ म्हणून. सुरुवातीला गाडी झकास. पंधराव्या महिन्यात पुन्हा तेच डोलणं. मी पार्टला शिव्या घातल्या, पण दोष पार्टचा नव्हता. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत, आणि त्याच स्थितीत बोल्ट पूर्ण आवळले होते. या बुशची आतली नळी बोल्टने बॉडीच्या ब्रॅकेटला जखडली जाते, बाहेरची बीममध्ये ठोकलेली असते, आणि मधलं रबर दोघींना चिकटलेलं. चाक वरखाली होताना ते रबरच पीळ खातं. लोंबत्या स्थितीत आवळलं तर गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, अगदी उभी असतानाही. मग आपल्या मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात ते किती दिवस टिकणार?

दुसऱ्यांदा, नोव्हेंबरात, त्या सब्बलवाल्याकडेच गेलो आणि दिवसभर शेजारी बसून राहिलो. त्याने जुना बुश काढायच्या आधी त्याची दिशा बीमवर खडूने आखली. या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. पुढे-मागे आणि वर-खाली ते सारखं कडक नसतं, त्यामुळे फिरवून बसवलं तर नवं असूनही गाडी बिघडते. बीम खाली सोडताना ब्रेकच्या पाइपवर वजन येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना जॅक लावले. गॅसने जाळून काढायला त्याने नकार दिला, प्रेसने दाबूनच काढले. बोल्ट आधी नुसते लागते ठेवले, गाडी चाकांवर उतरवली, मागे दोन पोरं बसवून वरखाली हलवली आणि मग रॅम्पवर, ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या टॉर्क पान्ह्याने आवळले. बुशची जोडी 2,200, मजुरी 1,800. पॉलियुरेथेनचे घ्यायचा मोह झाला होता. ते जास्त कडक असतात, पण ग्रीस सुकलं की कुरकुरतात आणि रस्त्याचा प्रत्येक खडा पाठीला कळतो. घरच्या गाडीला कंपनीसारखं रबरच बरं.

आठ महिने, साधारण 9,000 किलोमीटर झाले. समृद्धीवर लेन बदलली की गाडी एका तुकड्यात सरकते. स्टिअरिंग हलकंसं दुरुस्त करत राहायची सवय होती, ती सुटायलाच आठवडा लागला. आधी मागच्या टायरांची आतली कड करवतीसारखी झिजायची, आता पृष्ठभागावर हात फिरवला तर सपाट लागतो. उड्डाणपुलावरचं ‘धप’ गेलं, सांध्याचा साधा ‘टक’ राहिला. मे उलटला, जूनमध्ये पुन्हा सब्बल घालून पाहिलं. चीर नाही.

मायलेजमध्ये काडीचा फरक नाही. सिमेंट रस्त्याचा घोंगावणारा आवाज तसाच, तो टायरचा आहे. खड्ड्यात पुढून येणारा खटका मात्र आता जास्त ऐकू येतो, मागचा गोंगाट थांबल्यामुळे असेल. पुढच्या चाकांना खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश असावेत. बायको म्हणते, “आता काय गाडीचं एकेक रबर मोजणार आहात का?” दिवाळीआधी तेही करून घेणार आहे, त्याच्याकडेच.