विंडोजचा डीफ्रॅग: आठ महिने वापरल्यावर (आणि एकदा दुकानदाराशी भांडल्यावर)

डेस्कटॉप जुना, १ टीबीची ५४०० आरपीएम (मिनिटाला ५४०० फेरे) हार्ड डिस्क. जूनमध्ये अशी गत झाली की बटण दाबून चहा टाकायचा, पिऊन कप विसळायचा, तरी पडद्यावर गोल फिरतोच आहे. दुकानदार म्हणाला, "काका, एसएसडी टाका." (एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क.) म्हटलं, आधी फुकटातलं बघू.

विंडोजमधलं डीफ्रॅगचं साधन, ऑप्टिमाइझ ड्राइव्हज, उघडलं. डीफ्रॅग म्हणजे डिस्कभर विखुरलेले फाइलींचे तुकडे सलग लावून देणं. 'लास्ट रन'च्या रकान्यात: नेव्हर रन! विंडोज १० हे काम दर आठवड्याला आपलं आपण उरकतं, पण मशीन चालू आणि रिकामं असेल तर. आमच्याकडे वीजबिलाच्या धाकाने काम झालं की बोर्डावरचं बटणच बंद. फ्रॅगमेंटेशन, म्हणजे ही विखुरलेली तुकडेबाजी, ३१ टक्के.

रात्रभर चालवलं. माझी खरी तक्रार इथे आहे. ते रंगीत चौकोन कुठे गेले? विंडोज ९८ मध्ये एकेक चौकोन जागेवर सरकताना बघत तासभर बसायचो. व्हिस्टापासून तेही गेलं. आता नुसतं 'पास ३, २४ टक्के', म्हणजे तिसरी फेरी. आत काय चाललंय देव जाणे. एवढ्यासाठी मी दोन तारे कापले आहेत आणि ते परत मिळणार नाहीत.

फरक मात्र पडला. ५४०० ला तबकडीचा एक फेरा ११ मिलीसेकंदांचा, प्रत्येक तुकड्यासाठी सरासरी अर्धा फेरा ताटकळायचं. फाइलचे ४०० तुकडे असले तर नुसत्या ताटकळण्यात सव्वादोन सेकंद गेले, तबकडी वाचणारं हेड सरकायचा वेळ वेगळाच. मशीन चालू व्हायचं चार मिनिटांचं काम अडीचवर आलं.

ऑगस्टमध्ये पुन्हा १९ टक्के! तेव्हा ट्यूब पेटली: डिस्क ९४ टक्के भरलेली. सलग रिकामी जागाच नाही, तर नवी फाइल तुकड्यांतच बसणार. पुतणीच्या लग्नाच्या व्हिडिओच्या तीन कॉप्या निघाल्या, दोन उडवल्या, जुने डाउनलोडही गेले. नंतर आकडा तीनच्या वर गेला नाही. तेव्हा डीफ्रॅगला दिलेलं निम्मं श्रेय परत घेतो.

दिवाळीत एसएसडी घेतलीच. दुकानदाराने ४०० रुपये लावून एक 'स्पीड बूस्टर' टाकून दिला, तो रोज एसएसडी डीफ्रॅग करायचा! तिथे ना तबकडी, ना हेड. उगाच लिहून लिहून तिचं आयुष्य कमी करायचं. विंडोज तिला ट्रिम (कुठली जागा आता रिकामी झाली ते सांगणारी सूचना) पाठवतं, तेवढं पुरे. पैसे मागितले तर म्हणे, "सॉफ्टवेअर रिटर्न होत नाही, काका." बऱ्याच वादानंतर एक साटा केबल (डिस्क जोडायची वायर) हातावर ठेवली.

त्याच केबलवर जुनी डिस्क आता डी ड्राइव्ह म्हणून आहे. महिन्यातून एका रविवारी डीफ्रॅग लावतो. आतून हाक येते, "ते बंद करू का? कुणी बसलेलं नाहीये."

"थांब, पास पाच चालू आहे."