उशाशी कुठला रेडिओ: काट्याचा की बटणांचा?

घड्याळ-रेडिओ घ्यायला निघालं की नावं, रंग, आकार कितीही दिसोत, निवड शेवटी दोन प्रकारांवर येऊन थांबते. एक काट्याचा: बाजूला दातेरी चाक, ते फिरवलं की पट्टीवर लाल काटा सरकतो. दुसरा बटणांचा: स्टेशन आकड्यांत दिसतं आणि दहा-वीस स्टेशनं तो ध्यानात ठेवतो. वेळ मात्र दोन्हींत आकड्यांतच. माझ्या उशाशी आधी बटणांचा होता, अडीच वर्षं. आता काट्याचा आहे, त्यालाही तीन वर्षं होत आली. पुढचं सगळं या दोन सेटांवरून आणि पुण्यातल्या एका बेडरूमवरून लिहितोय. तुमच्याकडे वेगळं निघू शकेल.

फोन असताना हे कशाला, असं आमच्या मुलीनेही विचारलं होतं. फोनचा गजर लाइट गेले तरी वाजतो हे कबूल, आणि त्या एका बाबतीत दोन्ही रेडिओ फोनपुढे कमीच पडतात. पण गजर बंद करायला फोन हातात घेतला की पुढची पंधरा मिनिटं मी सोसायटीच्या ग्रुपवर टँकरची भांडणं वाचत पडतो. शिवाय नेटवरून लावलेली आकाशवाणी काही सेकंद मागून येते, त्यामुळे रेडिओवर मनगटी घड्याळ लावायची जुनी सवय तिथे चालत नाही. फोनवर ज्यांचं भागतं त्यांचं भागू दे.

बटणांच्या सेटाचं आधी चांगलं बोलतो. त्याला गजर दोन होते. बायकोची शाळा पावणेआठची, तिला सव्वासहाला उठायचं असतं. मला सात दहाच्या प्रादेशिक बातम्या ऐकल्याशिवाय चहा गोड लागत नाही. तेव्हा पहिला गजर तिचा, दुसरा माझा, आणि माझा मी मुद्दाम ७:०१ ला लावायचो. रेडिओ लागला की एकदा स्नूझ दाबायचं. स्नूझ नऊ मिनिटांचं, म्हणजे डोळे उघडायचे ते बरोबर सात दहाला. (हे नऊ मिनिटांचं प्रकरण आजकालचं नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक-टेलिक्रॉनने १९५६ मध्ये स्नूझचं घड्याळ काढलं, तेव्हापासून ते नऊच चालत आलंय.) माझ्या काट्याच्या सेटाला गजर एकच. तो अर्थातच तिचा.

आणखी एक. बटणांच्या सेटात गजराचा आवाज वेगळा ठरवता येतो. रात्री दहाला विविधभारतीवर छायागीत लावून आवाज अगदी कुजबुजीवर नेला, तरी सकाळी तो ठरवलेल्या आवाजातच बोलतो, तोही हळूहळू चढत जातो. काट्याच्या बहुतेक सेटांत आवाजाचं चाक एकच, रात्रीला आणि सकाळला मिळून. हे दुकानात कुणी सांगत नाही. मला कळलं ते असं: नवा सेट आल्यावर चौथ्या-पाचव्या रात्री अर्धवट झोपेत मी चाक पार खाली नेलं. सकाळी सव्वासहाला रेडिओ इमानेइतबारे लागला आणि भक्तिसंगीत इतकं हळू वाजलं की आम्हा दोघांनाही ऐकू आलं नाही. सात वाजता बायको उठली ती थेट उभीच राहिली. त्या दिवशी तिला लेट मार्क लागला आणि मला डबा भरायचं काम.

त्यावर उपाय तिनेच काढला. खड्याची टिकली असते ना, ती तिने चाकाच्या दातांवर एका जागी चिकटवली. टिकली बोटाला वर लागली पाहिजे, त्याखाली चाक न्यायचं नाही. तो आवाज रात्री थोडा मोठा वाटतो आणि सकाळी थोडा लहान, पण जाग येते. अंधारात, चष्म्याशिवाय, नुसत्या बोटाने कळतं. तीन वर्षांत टिकल्या दोनच बदलल्या.

रिसेप्शनबद्दल लोक खूप विचारतात. एफएमवर फरक नाही म्हटलं तरी चालेल. मागे शेपटीसारखी तार असते ती गुंडाळून न ठेवता खिडकीच्या गजाला बांधली, की पुण्यात १०१ वरची विविधभारती दोन्हींवर स्वच्छ लागते. मीडियम वेव्हची गोष्ट निराळी. तिथे एरियल म्हणजे सेटच्या पोटातली फेराइटची कांडी. ती कुठल्या दिशेला बसते त्यावर आवाज भरतो किंवा पडतो, आणि ती फिरवायची तर अख्खा सेट फिरवावा लागतो. आमच्याकडे पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्‌झ, छान लागायचं तेव्हा बटणांच्या सेटाचं तोंड कपाटाकडे असायचं. म्हणजे बातम्या आम्हाला आणि वेळ कपाटाला. काट्याच्या सेटाने नशिबाने तोंड आमच्याकडे ठेवूनच स्टेशन धरलं. हा निव्वळ आमच्या खोलीच्या मांडणीचा योग, त्याचे गुण मी सेटाला देणार नाही. खरखर मात्र दोन्हींवर सारखीच येते, आणि ती बहुतेक वेळा शेजारच्या फोनच्या चार्जरची किंवा एलईडी दिव्याची असते. रेडिओला नावं ठेवायच्या आधी चार्जर काढून बघा.

प्रकाशाचं थोडक्यात. बटणांच्या सेटाचे आकडे निळे-पांढरे होते आणि सर्वांत मंद ठेवले तरी मच्छरदाणीवर त्यांचं चांदणं पडायचं. मी त्यावर काळी चिकटपट्टी लावली, मग दिवसा दिसेना. काट्याच्या सेटाचे आकडे लाल आहेत. लाल डोळ्याला कमी टोचतो.

आता ज्यावरून माझा निर्णय झाला ते.

मे महिना, रात्रीचे पावणेतीन. लाइट गेले असावेत आणि चार-पाच सेकंदांत आले असावेत. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, पण इन्व्हर्टरवर दिवे-पंखे. उशाजवळचा प्लग त्याच्यावर नाही, बऱ्याच घरांत नसतो. जाग आली ती निळ्या उजेडाने. १२:०० लुकलुकत होतं. सेटात बटण-सेल असतो तो अशा वेळी घड्याळ सांभाळायला. माझा कधी संपला ते सेटाने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चूक निम्मी माझी, हे लिहून ठेवतो.

पण पुढचं ऐका. वेळ लावायची तर एक बटण तीन सेकंद दाबून धरायचं. तास लुकलुकतो. पुढे-पुढे दाबत जायचं. मागे यायची सोयच नाही, एक तास जास्त झाला की पुन्हा अख्खी फेरी. मग मिनिटं. मग पहिल्या गजराचा तास, त्याची मिनिटं, रेडिओ की बझर, आवाज किती. मग दुसऱ्या गजराचं तेच. मध्ये पाच सेकंद थबकलात, म्हणजे चष्मा शोधलात, तर सेट समजतो की तुमचं झालं, आणि मूळपदावर जातो. मी तिसऱ्या फेरीत होतो तेव्हा पलीकडून आवाज आला, "अहो, काय टिकटिक चाललीय? फोनवर लावा आणि झोपा."

लावला फोनवर. पण सकाळी रेडिओ चालू केला तर नुसती खरखर. सेलाबरोबर स्टेशनंही गेली होती आणि सेट ८७.५ वर, म्हणजे एफएमच्या पट्टीच्या पहिल्या पायरीवर, जाऊन उभा होता. शोधायचं बटण दाबलं की तो जोरकस खासगी स्टेशनांवर थांबत जातो आणि हवं ते नेमकं ओलांडतो. म्हणजे पुन्हा एकेक पायरी चढत १०१ पर्यंत.

सेल नवा घालून हे मिटलं असतं, आणि मी घातलाही. वर्षभराने पुन्हा तेच झालं, आणि ते गुरुवारी. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा वार, तेव्हा घड्याळ गेलं याचं मला नवल नव्हतं. नवल वाटलं ते याचं की रात्री छायागीत लावायला गेलो तर पुन्हा ८७.५. त्या रात्री मी मनात सेट बदलला.

काट्याच्या सेटातही तसाच सेल आहे आणि तोही एक दिवस न सांगता संपणारच. पण तो संपल्यावर जातं काय? घड्याळ आणि गजराची वेळ. त्याला तासाचं बटण वेगळं, मिनिटाचं वेगळं. गजराचं बटण धरून ठेवून तीच दोन दाबली की गजर लागतो. बाकी सगळं जिथल्या तिथे. काटा १०१ वर आहे तो १०१ वरच आहे, आवाज टिकलीवर आहे, रेडिओ-बझरचा खटका रेडिओकडे आहे. ते लक्षात ठेवायला त्याला वीज लागतच नाही. गेल्या पावसाळ्यात दोन दिवस आमच्या भागात लाइट नव्हते. आले तेव्हा मी अंधारात, न उठता, घड्याळ लावलं. मिनिटभराचं काम.

निष्पक्ष राहायचं तर काट्याच्या सेटावर स्टेशन बदलणं कटकटीचं आहे. पट्टी बोटभर, तिच्यावर २० मेगाहर्ट्‌झ कोंबलेले, आणि काटा केसभर हलला की शेजारचं स्टेशन घुसतं. घरात एकाला एक स्टेशन, दुसऱ्याला दुसरं लागत असेल तर बटणांचा घ्या, वाद कमी होतील. ज्यांच्या इमारतीला जनरेटर आहे आणि लाइट गेल्याचं ज्यांना लिफ्टमध्येच कळतं, त्यांनाही मी बटणांचाच घ्या म्हणेन. आमच्याकडे स्टेशन एकच लागतं आणि लाइट वरचेवर जातात.

परदेशातून कुणी आणून देणार असेल तर सावध. माझ्या मावसभावाने न्यू जर्सीहून एक सुरेख ठोकळा आणला होता. तिकडचा सेट १२० व्होल्टचा, म्हणून आधी वजनदार ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला. तसल्या काही सेटांचं घड्याळ प्लगमधल्या विजेची आवर्तनं मोजून चालतं. तिकडे सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. त्यामुळे ते तासाला दहा मिनिटं मागे पडतं. रात्री सव्वादहाला वेळ मिळवून लावलेला सव्वासहाचा गजर आमच्याकडे सात एक्कावन्नला वाजला. मीडियम वेव्हवर तिकडच्या पायऱ्या १० किलोहर्ट्‌झच्या, आपल्या ९ च्या. म्हणून ७९२ ऐवजी तो ७९० वर थांबायचा. एफएमवर तर १००.९ नंतर एकदम १०१.१. मागे ९/१० चा खटका असेल आणि व्होल्टेज दोन्ही चालत असेल तर गोष्ट वेगळी. मावसभावाला मी छान चालतोय असंच सांगितलं आहे.

इथे घ्यायचा असेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चक्कर मारा. माल थोडा असतो, पण हात लावून बघता येतो. मी दुकानदाराला म्हटलं, "काका, वेळ आणि एक स्टेशन लावा, आणि प्लग काढा." ते म्हणाले, "चालू करून बघतात लोक, तुम्ही बंद करून बघताय?" दहा मिनिटं शेजारी चहा पिऊन आलो, प्लग परत लावला, आणि कशाकशाची आठवण राहिली ते बघितलं. आणखी एक विचारून घ्या: लाइट नसताना गजर वाजतो का? बटण-सेलवाले बहुतेक सेट वेळ सांभाळतात, वाजत नाहीत. परीक्षा, विमान, शस्त्रक्रिया असल्या दिवशी मीही फोनच लावतो.

पहाटे साडेपाचला उठणाऱ्यांनी रेडिओऐवजी बझर ठेवावा. आकाशवाणीची पहिली सभा सहाच्या सुमाराला सुरू होते. त्याआधी गजर लावलात तर खरखरीनेच जाग येईल. येते म्हणा.

बटणांचा सेट आम्ही टाकला नाही. तो स्वयंपाकघरात ओट्यावर आहे, फोडणीचे दोन-चार डाग मिरवतोय. लाइट गेले की तिथेही १२:०० लुकलुकतं, कधी कधी आठवडाभर. तिथे वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघतात.