वरून चकचकीत, खाली पोपडे : सेस्ना १७२ रंगवून घेतल्यानंतरचे १४ महिने

आधी चांगलं सांगून टाकतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की हा नुसता रडगाणं गातोय. रंगाची चमक अजून टिकून आहे. टेक्ससच्या उन्हात चौदा महिने राहून पांढरा पिवळा पडलेला नाही, निळा पट्टा फिका झालेला नाही, पेट्रोल सांडलं तरी डाग पडत नाही. पंधरा फुटांवरून फोटो काढा, कौतुकाच्या कमेंट येतील. पंधरा फुटांच्या आत मात्र येऊ नका.

विमान १९७५ चं सेस्ना १७२ एम आहे. चार सीटा, डोक्यावर पंख, १५० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन. मालक तिघं: मी, ऑफिसातला एक तेलुगू मित्र, आणि रिफायनरीतून निवृत्त झालेले एक केमिकल इंजिनिअर. आम्ही दोघं त्यांना 'काका' म्हणतो आणि ते त्याला ओ देतात. 'स्वतःचं विमान' म्हटलं की गावाकडच्या लोकांना वाटतं पोराने घबाड मिळवलं. खरं तर अमेरिकेत पन्नाशीला आलेलं असं विमान तिघांत घेतलं की एकाच्या वाट्याला एका बऱ्या गाडीचा खर्च येतो. रडू येतं ते नंतरच्या खर्चाला.

ते उभं असतं ह्यूस्टनच्या दक्षिणेला, गॅल्व्हेस्टनच्या खाडीकडच्या एका छोट्या विमानतळावर. हवा थेट रत्नागिरीची. खारट, दमट, लोखंड दोन पावसाळ्यांत खाणारी. जुना रंग इतका खडूसारखा झाला होता की पंखावरून हात फिरवला की बोटांना पांढरी भुकटी लागायची. म्हणून जुलै २०२३ मध्ये टेक्ससमधल्याच, दीड तास उडून जावं लागेल अशा एका पेंट शॉपला विमान दिलं. १६,८०० डॉलर, निम्मे आगाऊ. कागदावर लिहिलं होतं: जुना रंग केमिकलने पूर्ण उतरवणार, पत्रा ॲसिडने धुणार, त्यावर सोनेरी अलोडाइन (पत्र्याला झिजेपासून वाचवणारा आणि रंग धरून ठेवणारा केमिकलचा पातळ थर), मग इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेनचे दोन हात. सहा आठवडे म्हणाले होते, तेरा लागले. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "अरे, अजून रंगवतायत? आपल्या नाक्यावरचा तो चार दिवसांत रिक्षा नवी करून देतो."

ऑक्टोबरमध्ये ताब्यात घेतलं. आमची पहिली चूक ती संध्याकाळ. कामावरून निघून, गाडी हाकत पोचेपर्यंत सात वाजलेले. हँगरमध्ये ट्यूबलाइटखाली विमान असं काही झळकत होतं की तिघंही खुळ्यासारखे हसत उभे राहिलो. पंखाखाली दोन ठिकाणी रंगाचे ओघळ होते, दाराच्या रबरावर फवारा उडाला होता, मागच्या काचेच्या कोपऱ्यात बारीक जाळं दिसत होतं. दुकानाचा मालक म्हणाला, जुनी काच आहे, चालायचंच. उरलेला चेक दिला. ते जाळं जुनं नव्हतं हे आता कळतं. विमानाची काच म्हणजे ॲक्रिलिक, एक प्लास्टिक; रंग उतरवायच्या केमिकलचा थेंब जरी त्यावर पडला तरी ती अशीच तडकते, आणि मागच्या काचेवरचा झाकणाचा कागद सुटला असणार.

आठवड्याने आमचे मेकॅनिक विमान बघायला आले. रंगाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. लॉगबुक उघडून म्हणाले, "कंट्रोल सरफेसच्या तोलाचा कागद कुठे आहे?" लॉगबुकात एकच ओळ होती: रंग उतरवला, रंग दिला.

हे नीट सांगायला हवं, कारण इथे प्रश्न दिसण्याचा राहत नाही. कंट्रोल सरफेस म्हणजे विमान वळवणारे, बिजागरीवर हलणारे भाग: पंखाच्या मागच्या कडेला एलेरॉन, शेपटीवर एलिव्हेटर आणि रडर. बिजागरीच्या मागे वजन वाढलं की ठरावीक वेगाला हा भाग आपोआप फडफडायला लागतो. त्याला फ्लटर म्हणतात, आणि तो सुरू झाला की काही क्षणांत सांगाडा फाटू शकतो. म्हणून पुढच्या कडेला वजनं बसवून त्याचा तोल साधलेला असतो, आणि रंग चढला की तोल पुन्हा तपासावा लागतो. अमेरिकेच्या विमान नियमांत, भाग ४३ च्या परिशिष्टात, मालक-पायलटला स्वतःच्या हाताने विमानाचा बाहेरचा रंग करायची मुभा आहे. पण तोल साधलेले कंट्रोल सरफेस त्यातून मुद्दाम वगळले आहेत. आमचं काम तर पैसे मोजून करून घेतलेलं!

मेकॅनिकनी विमान जागीच थांबवलं. एलेरॉन आणि एलिव्हेटर काढायला गेले तर बिजागरीच्या स्क्रूंवर रंगाची सलग कातडी. म्हणजे हे भाग दुकानात सुटे केलेच नव्हते, जागच्या जागी फवारले होते. सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे तोलून पाहिले. एलिव्हेटर कसेबसे मर्यादेत बसले, उजवा एलेरॉन मागच्या बाजूने जड निघाला. मेकॅनिकनी त्याचा रंग खरवडला तर खाली आमचा जुना खडूसारखा पांढरा, त्याखाली सत्तरच्या दशकातली तपकिरी पट्टी. 'पूर्ण उतरवणार' असं लिहिलेल्या कागदाचा पहिला पोपडा तिथे निघाला. एलेरॉनचा रंग उतरवणं, तो नव्याने रंगवणं, सगळ्यांचा तोल पाहून लॉगबुकात नोंद करणं, यात तीन आठवडे आणि १,९०० डॉलर गेले.

त्याच वेळी पोटाखालची पाणी निघून जायची भोकं पाहिली. निम्मी रंगाने बुजलेली. केबिनमध्ये ओल्या गालिच्याचा वास का येतोय याचं कोडं सुटलं. डाव्या बाजूचं स्टॅटिक पोर्ट, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब घेणारं बारीक भोक, ज्यावर उंचीमापक आणि वेगमापक दोन्ही अवलंबून असतात, ते तेवढं नशिबाने उघडं होतं. पेरूच्या एरोपेरू ६०३ या बोइंग ७५७ च्या स्टॅटिक पोर्टवर धुताना लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. २ ऑक्टोबर १९९६ च्या रात्री वैमानिकांना उंची कळेना की वेग कळेना, आणि विमान समुद्रात गेलं. ७० माणसं. म्हणूनच रंगकामावरून आलेल्या विमानाची ती भोकं मी काडेपेटीच्या उजेडात मोती शोधावा तशी बघतो. काडेपेटी हँगरमध्ये नेत नाही, काळजी नसावी.

हिवाळा बरा गेला. मार्चमध्ये, म्हणजे पाचव्या महिन्यात, पंखाच्या पुढच्या कडेच्या रिव्हेटांभोवती नखाएवढे पोपडे सुटले. पावसातून एकदा आलो आणि नाकावरचे तीन मोठे तुकडे गायब. दुकानाला फोटो पाठवले. उत्तर आलं, रिव्हेटांभोवती असं होतंच, विमान आणून द्या, टच-अप करू. नेलं. येण्याजाण्याचं पेट्रोल आमचं. परत आलं तेव्हा टच-अपचा पांढरा आधीच्या पांढऱ्याहून वेगळा, कोडासारखा उठून दिसणारा.

आठव्या महिन्यात पत्र्यावर पत्रा बसतो त्या जोडांच्या रेषेने रंग फुगायला लागला. फुगा टोचला की तपकिरी चिकट पाणी. काकांनी वास घेतला आणि म्हणाले, "हे स्ट्रिपर आहे." रंग उतरवायचं केमिकल. म्हणजे बॉडीवरचा जुना रंग केमिकलने उतरवला होता खरा, पण जोडांत शिरलेलं केमिकल भरपूर पाण्याने धुऊन, वाळवून काढलंच नव्हतं. ते आठ महिने आत बसून होतं, उन्हाळा आल्यावर बाहेर यायला लागलं.

मग काकांनी ती चाचणी केली जी आम्ही पहिल्या दिवशी करायला हवी होती. दाराच्या खालच्या कोपऱ्यात ब्लेडने फुली मारली, चांगली चिकटपट्टी दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा पापुद्रा पट्टीबरोबर आला. तो उलटा केला तर खालच्या बाजूला प्रायमर जसाच्या तसा, आणि दारावर नवा कोरा चंदेरी पत्रा, आरशासारखा. काका त्या पापुद्र्याकडे बघून जवळजवळ खूश झाले. रंगाने प्रायमरला सोडलं असतं तर गोष्ट वेगळी. इथे रंग आणि प्रायमर एकमेकांना घट्ट धरून होते, दोघांनी मिळून पत्र्याला सोडलं होतं. सोनेरी अलोडाइन झालं असतं तर पत्र्यावर सोनेरी झाक दिसली असती. ती नव्हती. बिलावर मात्र होती.

लहानपणी रत्नागिरीला गणपतीआधी खिडक्यांचे गज रंगवायचे. मला नुसता ब्रश मारायची घाई, आणि बाबा तारेचा ब्रश हातात देऊन म्हणायचे, आधी गंज खरवड, मग रेड ऑक्साइड, मग तुझं ते निळं. ॲल्युमिनियमचा हिशोब थोडा वेगळा, पण घराणं तेच. सेस्नाचा पत्रा म्हणजे मजबूत मिश्रधातू, ज्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. शुद्ध ॲल्युमिनियम गंजत नाही सहसा, पण त्यावर रंगही धड धरत नाही. म्हणून ॲसिड, म्हणून अलोडाइन. ते टाळलं आणि दमट हवा मिळाली की रंगाखाली फिलिफॉर्म नावाची झीज सुरू होते. आमच्याकडे ती दहाव्या महिन्यात दिसली. पोटाच्या डाव्या अंगाला रंगाखालून बारीक वळवळत्या रेषा, पावसाळ्यात अंगणातल्या चिखलात गांडुळाची वाट उमटते तशा. कापलं की आत पांढरी भुकटी. रेषेचं डोकं पुढे सरकत जातं आणि मागे ही राख सोडतं. संरचनेला अजून धोका नाही असं मेकॅनिक म्हणतात, पण थांबवली नाही तर ती थांबत नाही.

पैशांचं थोडक्यात. फोन बंद केले, सगळं लेखी केलं. दुसऱ्या एका अनुभवी पेंटरकडून पैसे देऊन अहवाल घेतला, पापुद्रे तारखा घालून प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवले, एलेरॉनचे फोटो आणि मेकॅनिकची लॉगबुक नोंद जोडली आणि रजिस्टर पत्र पाठवलं. टेक्ससमध्ये छोट्या दाव्यांची मर्यादा २०२० पासून २०,००० डॉलर आहे, त्यामुळे वकिलाशिवाय जस्टिस कोर्टात जाता येणार होतं. दावा भरला. सुनावणीच्या नऊ दिवस आधी दुकानदाराने ६,५०० डॉलरवर तडजोड केली. माझा मित्र लढायला तयार होता. मी आणि काकांनी पैसे घेतले. माझ्या मते सर्वांत वजनदार पुरावा एलेरॉनचा ठरला. रंगाच्या वाईटपणावर वाद घालता येतो, तोलाच्या नोंदीवर येत नाही.

एक आरोप मी करणार नाही. काम झाल्यावर वजन केलं तर विमान कागदापेक्षा १९ पौंड जड भरलं. मित्र म्हणाला, बघ, रंगावर रंग. पण आमचं आधीचं वजन वर्षानुवर्षं बेरीज-वजाबाकीने चालत आलेलं, प्रत्यक्ष काट्यावर ते किती वर्षांत ठेवलेलं नव्हतं. त्या १९ पौंडांत रंग किती आणि जुनी चूक किती, देव जाणे.

सध्या डागडुजी चालू आहे. पोपडा निघेल तिथे कडा पॉलिश पेपरने घासून उतरवायच्या, पांढरी भुकटी पूर्ण जाईपर्यंत नायलॉनच्या घासणीने घासायचं, मग अलोडाइनचं पेन, वर प्रायमर. स्टील वूल अजिबात वापरायचं नाही, त्याचे लोखंडी कण ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि नवीन गंजाची सोय होते. हे मला काकांनी शिकवलं, मी अर्धा पंख स्टील वूलने घासायच्या बेतात असताना.

येत्या मार्चमध्ये पंख आणि पोटाचा रंग पुन्हा पूर्ण उतरवून घेतोय, दुसऱ्या दुकानात. हे महाग आहे आणि दिसायला कळकट आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथला माणूस एका उघड्या पंखावर पाणी ओतून घड्याळ बघत उभा होता. पाणी सलग चादरीसारखं पसरून राहिलं पाहिजे, कुठे थेंब थेंब होऊन तुटलं तर तिथे तेल किंवा मळ आहे, धुणं पुन्हा. त्याचं दोनदा तुटलं, दोनदा धुतलं. मी विचारलं, आमच्या विमानाच्या वेळी हे बघायला येऊ का? म्हणाला, या, डबा घेऊन या, दिवसभर लागतो.

त्या दिवसाची रजा टाकली आहे. रंग मारतील त्या दिवशी ऑफिसला जाईन.